ओसाफुने, तलवारी आणि तो एक कागद

जपानमधल्या ओसाफुनेला, तलवारींच्या जुन्या गावाला, जायचं म्हणून निघालो आणि वाटेतल्या एका पर्यटकी शहरातल्या तलवारींच्या दुकानातच डोकं तापलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तसली दुकानं पुष्कळ आहेत. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातात दीड फुटी वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, होती आणि मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर कोतेत्सुची सही. कोतेत्सु म्हणजे सतराव्या शतकातला एदोचा (आजच्या टोकियोचा) नामांकित कारागीर, आधी चिलखतं बनवणारा. जपानी तलवारींत ज्यांच्या नावाने सर्वांत जास्त खोट्या सह्या ठोकल्या गेल्या, त्यांत तो अगदी वरचा. दुकानदाराने एक लहानसा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, “सरकारी प्रमाणपत्र आहे, अस्सल माल.” गिऱ्हाईक खूश. किंमत मात्र खऱ्या कोतेत्सुच्या आसपासही फिरकत नव्हती, आणि तेवढ्यावरूनच काय ते कळायला हवं होतं.

तो कागद म्हणजे तोरोकुशो, नोंदणीचा दाखला. १९५१ पासून हे दाखले दिले जातात आणि आता त्या त्या प्रांताचं शिक्षण मंडळ ते देतं. पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार जपानमध्ये या कागदाशिवाय बाळगणं हा गुन्हा. कागद मालकाच्या नावाचा नसतो, तलवारीचा असतो. तलवार जिथे जाईल तिथे तो जातो, आणि नव्या मालकाने वीस दिवसांच्या आत मंडळाला कळवायचं असतं. त्यावर प्रकार, पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्यासाठी पाडलेली भोकं किती आणि सहीत कोणती अक्षरं आहेत एवढंच असतं. तपासनीस सही जशी कोरलेली दिसते तशी उतरवून घेतो. ती खरी की खोटी, हे ठरवणं त्याचं कामच नाही. गाडीच्या आरसी बुकात इंजिन धड आहे असं कुठे लिहिलेलं असतं?

सहीच्या खरेपणाबद्दल बोलणारे कागद वेगळे. १९४८ साली स्थापन झालेली निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था ते देते, आणि टोकियोत र्योगोकुला तिचंच संग्रहालय आहे. त्यांच्या चढत्या पायऱ्या अशा: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. १९८२ च्या आधीचे किचो नावाचे जुने कागद अजून बाजारात फिरतात. त्यांच्या भरवशावर मोठी रक्कम मोजू नका, आधी तलवार पुन्हा तपासायला लावा. नव्या कागदाचा विषय निघाला की विकणारा टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळालंच.

म्हणून तोरोकुशो निरुपयोगी आहे असं नाही, फक्त त्याचा उपयोग दुसरा. टोकापासून पाठीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत लांबी मोजा आणि कागदाशी ताडून पाहा. भोकं मोजा. सहीची अक्षरं एकेक करून जुळवा. सेंटिमीटरभर फरक निघाला किंवा भोक एखादं कमी-जास्त भरलं, तर कागद दुसऱ्याच तलवारीचा असण्याची शक्यता असते, आणि पुढे नोंदणी बदलताना किंवा देशाबाहेर नेताना सगळं तिथेच अडतं. लांबीवरून प्रकारही ठरतो: ६०.६ सेंटिमीटरच्या वर कताना, ३०.३ ते ६०.६ वाकिझाशी, त्याखाली तांतो. हे सगळं पाहायला दहा मिनिटं पुरतात. त्या दुकानात कुणीच पाहत नव्हतं.

मूठ उतरवायला सांगितलं की चांगला दुकानदार खूश होतो, वाईट कुरकुरतो. हा कुरकुरला. पद्धत सोपी आहे. बांबूचा खिळा, म्हणजे मेकुगी, पितळी हातोडीच्या दांड्याने ढकलून काढायचा. मग डाव्या हातात मूठ, धार आपल्यापासून दूर, पातं उभं पण किंचित तिरकं, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका. पातं मुठीतून सैल होतं. ठोका हळू सुरू करून वाढवत न्यायचा, नाहीतर आखूड पातं उसळून बाहेर पडतं. पात्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा एक बारीक शिंतोडाही दुसऱ्या दिवशी गंजाचा ठिपका झालेला असतो. उघड्या पोलादाला बोट तर लावायचंच नाही.

आणि मग दिसतो नाकागो, मुठीत दडलेला शेपटाचा भाग. तलवार वाचायची ती इथे. जुना गंज काळसर तपकिरी, घट्ट बसलेला असतो, बोट फिरवलं तरी हाताला लागत नाही. नवा लालसर आणि भुकटीसारखा सुटतो. सहीच्या खाचेतला गंज आणि बाहेरचा गंज एकाच वयाचे हवेत. खाचा आतून उजळ आणि भोवती काळं असेल, तर सही मागाहून ठोकलेली. खऱ्या सहीत छिन्नीच्या फटक्याने खाचेच्या काठावर पोलादाची बारीक वरंबी उठलेली असते, ती तिरप्या उजेडात दिसते. कानशीच्या रेषा सहीच्या खालून सलग गेल्या पाहिजेत. समोरच्या वाकिझाशीवर त्या सहीभोवती पुसट झाल्या होत्या, म्हणजे आधीचं कुणाचं तरी नाव घासून काढलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उलट, सही नसली म्हणून तलवार पडेल ठरत नाही. ताची नावाच्या जुन्या लांब तलवारी पुढच्या शतकांत मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या, त्यात कित्येकांच्या सह्या गेल्या. दोन-तीन भोकं दिसतात ती त्यामुळेच. गंज घासून नाकागो चकचकीत करणारे महाभाग मात्र जगभर आहेत. त्यांनी घासलेली तलवार पुन्हा वाचता येत नाही आणि किंमत निम्म्याहून खाली जाते.

दोषांमध्ये सगळ्यांत जीवघेणा हागिरे, धारेला काटकोनात गेलेली केसासारखी भेग. ती पॉलिशने जात नाही आणि तलवार कामातून गेली असं समजतात. धार दिव्यासमोर धरून टोकापर्यंत सावकाश सरकवत पाहिली तरच ती सापडते. पोलादाचे थर सुटून आलेला फुगवटा किंवा उघडी फट त्या मानाने सौम्य. आगीत सापडून पाणी उतरलेलं आणि दुसऱ्यांदा पाणी दिलेलं पातं मात्र वेगळं प्रकरण आहे. धारेच्या सुरुवातीच्या खाचेपाशी तिरपी धूसर सावली उठलेली दिसली, तर तो संशय घ्यायचा.

पुढचे दोन दिवस पाऊस आणि रेल्वे.

ओकायामाहून आको लाइनच्या लोकल गाडीने ओसाफुने येतं. स्टेशन चिमुकलं, संग्रहालय तिथून चालायला लांब, टॅक्सी मिळाली तर बरी. बिझेन प्रांतातलं हे गाव कित्येक शतकं तलवारींचं आगर होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीला आलेल्या पुराने लोहारांची वस्ती धुऊन नेली. आता बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालयाच्या आवारातच लोहार, शिकलगार आणि म्यान बनवणारे बसतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या पद्धतीने पोलाद ठोकण्याचं प्रात्यक्षिक असतं. गर्दी होते, पण ठिणग्यांपेक्षा शिकलगाराकडे बघत बसण्यात जास्त शिकायला मिळतं. अरातो, बिन्सुई, काइसेई, मग नागुराचे दोन दगड, मग उचिगुमोरी. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे खोडतो. शेवटी दगडाच्या पापुद्र्यासारख्या चकत्या बोटाखाली फिरवायच्या आणि लोखंडाच्या ऑक्साइडचं तेल कागदातून गाळून पोटाला चोळायचं. पॉलिशचा दर पात्याच्या लांबीवर, दर सुनला (३.०३ सेंटिमीटर) असतो, म्हणजे कतानाला बावीस-तेवीसपट. प्रत्येक पॉलिश पोलाद खातं, आणि हौशी हातांनी केलेलं तर पाठीकडची कडक रेषच गोल करून टाकतं.

काचेमागच्या तलवारी बघताना माझी नेहमीचीच तक्रार: लोक समोर उभे राहतात, फोटो काढतात, पुढे जातात. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर सरकेल असे गुडघे वाकवून वर-खाली व्हावं लागतं, तेव्हा कुठे धारेवरची नक्षी उमटते. बिझेनची खूण तिच्या वरच्या बाजूला असते. पोटाच्या पोलादावर धुक्यासारखी एक पांढुरकी सावली, उत्सुरी. समोरून बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. सान्चोमो ही राष्ट्रीय ठेव मानली जाणारी तलवार सेतोउची शहराने (ओसाफुने त्याच्याच हद्दीत येतं) २०२० साली लोकवर्गणीच्या आधाराने पन्नास कोटी येनांना घेतली. सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केन्शिन याच्या घराण्यातली ही तलवार नेहमी मांडलेली नसते, तारखा बघूनच जा.

संग्राहकाच्या कामाचं नाव मात्र इथलं दुसरं आहे, सुकेसादा. या नावाचे लोहार ढिगाने झाले. ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढीच सही असेल, तर बहुधा लढायांच्या काळात घाऊक काढलेला माल. ‘बिझेन नो कुनी जू’ अशी लांब सुरुवात, मग योसोझाएमोन नो जोसारखं स्वतःचं नाव आणि मागच्या बाजूला तारीख असेल, तर ती मागणीवरून केलेली, आणि किंमत कित्येक पट. बाजारात पहिला प्रकार दुसऱ्याच्या भावात विकायचा प्रयत्न चालतो.

ओकायामात आणखी एक गोष्ट आठवत होती. १९४६-४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुल फौजेतल्या ब्रिटिश इंडियन डिव्हिजनचं मुख्यालय इथेच होतं. तिच्या २६८ ब्रिगेडचे प्रमुख थिमय्या, आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. त्याच भागातला शिमाने प्रांत, जिथे ओकुइझुमोला आजही हिवाळ्यात तातारा भट्टी पेटवून वाळूतल्या लोखंडाचं तामाहागाने, म्हणजे तलवारीचं पोलाद, करतात, तोही याच फौजेच्या हद्दीत. त्या काळात जपानभर तलवारी गोळा होऊन भट्टीत किंवा समुद्रात गेल्या. काही शिपाई-अधिकाऱ्यांच्या सामानातून जगभर पोहोचल्या.

त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या फौजी घरात किंवा पलटणीच्या मेसमध्ये अशी तलवार भिंतीवर असू शकते. असली, तर काय करायचं? घासायची नाही, ब्रासो नाही, पॉलिश पेपर नाही. मूठ अॅल्युमिनियमची, रंगवलेली, बांबूच्या खिळ्याऐवजी स्क्रूने बसवलेली आणि पात्यावर नंबर असेल, तर ती १९३५ च्या नमुन्याची, नाईक-हवालदार दर्जाच्या लोकांची यंत्रावर केलेली तलवार. अधिकाऱ्यांची मूठ दोरी गुंडाळलेली असते आणि आत काहीही निघू शकतं: कारखान्यात तेलात विझवलेलं पातं, नाहीतर घराण्यातलं चारशे वर्षांचं. नाकागोवर ‘शोवा’ किंवा ‘सेकी’चा शिक्का कारखान्याकडे बोट दाखवतो, नांगर नौदलाकडे. लहानसा तारा मात्र चांगली खूण आहे. तो सैन्यासाठी तामाहागानेपासून जुन्या रीतीने घडवणाऱ्या लोहारांचा शिक्का. तेल-विझवलेल्या पात्यात पोलादाचे थर दिसत नाहीत आणि धारेवर दाण्यासारखी चमक नसते.

शिक्का कारखान्याचा निघाला, तर पॉलिशसाठी तलवार जपानला पाठवायच्या भानगडीत पडू नका. अशा पात्यांची तिथे नोंदणी होत नाही, सरळ जप्त होऊन नष्ट केली जातात. आणि जपानमधून इकडे आणण्याचं म्हणाल, तर तिकडच्या सांस्कृतिक खात्याचा निर्यात दाखला दुकानदार काढून देतो, तोरोकुशो परत जमा होतो. खरी अडचण आपल्या दारात आहे: १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. म्हणून मी तलवारीऐवजी त्सुबाच घेतो, मुठीपुढची लोखंडी ढाल. तिला नोंदणी लागत नाही. चेक-इन बॅगेत कापडात गुंडाळून ठेवायची. घेताना भोकांच्या आतल्या कडा बघायच्या. तिथे साच्याची उभी रेघ किंवा बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ती ओतीव नक्कल आहे. ठोकून घडवलेल्या लोखंडाच्या कडेला कठीण पोलादाच्या गाठी उठून आलेल्या असतात, त्या अंगठ्याला लागतात.