पाच नोव्हेंबर, मुक्काम जुहू

पाच नोव्हेंबरला सांगलीकराने गावाबाहेर असणं म्हणजे गणपतीत कोकणातल्या माणसाने मुंबईत राहण्यासारखं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या गावात 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. दरवर्षी भावे नाट्यमंदिरातल्या गौरवपदक सोहळ्याला माझी हजेरी ठरलेली. यंदा मात्र भाचीकडे अंधेरीला जावं लागलं. मी कुरकुरताना पाहून तीच म्हणाली, "मामा, आज पृथ्वीचाही वाढदिवस असतो. चला जुहूला."

खरंच की! शशी कपूर आणि जेनिफर यांनी पृथ्वी थिएटर सुरू केलं ते ५ नोव्हेंबर १९७८ला. पहिला प्रयोग 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा, म्हणजे गो. पु. देशपांड्यांच्या मराठी नाटकाचा. झाला हिंदीत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्या संचाने. पण लेखणी मराठी. माझी गैरहजेरी निम्मी तरी माफ झाली.

सांगलीकडून येणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत यावं, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडावी आणि विलेपार्ल्याला पश्चिमेकडे बाहेर पडावं. तिथून रिक्षा. जवळचं भाडं म्हणून आम्हाला दोघांनी मान हलवून वाटेला लावलं, तिसरा मीटरने आला. स्वतःची गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यातच सूर्य बुडेल, आणि नोव्हेंबरात तो सहा वाजताच बुडतो.

त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, हे गणित लक्षात ठेवा. सूर्यास्ताला वाळू लांबवर उघडी पडलेली असते, चालायला ऐसपैस जागा मिळते. पाण्यात शिरायचा मोह मात्र टाळा. इथला समुद्र पोहण्याच्या लायकीचा नाही, ओढही फसवी. पावभाजी सगळे खातात, आम्हीही खाल्ली. लोणी जास्त, भाजी बेताची. त्यापेक्षा कालाखट्टा गोळा बरा, पण बर्फाचा भरवसा ज्याचा त्याने ठरवावा.

पृथ्वी चौपाटीपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, जुहू चर्च रोडवर, जानकी कुटीरमध्ये. जेमतेम दोनशे प्रेक्षकांचं नाट्यगृह, रंगमंचाच्या तीन बाजूंना माणसं. नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. आमच्याकडे बाल्कनीत बसून नाटक पाहिलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं. खुर्च्यांना नंबर नाहीत, आधी येईल तो आधी बसेल. आम्ही गोळ्याच्या नादात रांगेत मागे पडलो आणि भाची एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला बसलो. प्रयोग सुरू झाल्यावर आत घेत नाहीत, तेव्हा अर्धा तास आधीच पोचा. सोमवारी सुट्टी. नोव्हेंबरात महोत्सव असतो, तिकिटं आधीच काढून ठेवा. कॅफेतला सुलेमानी चहा प्या. बाजूच्या टेबलावर कोण बसलंय याकडे टक लावून पाहू नका, मी पाहिलं आणि भाचीने चिमटा काढला.

मराठीच नाटक हवं असेल तर पार्ल्यात पूर्वेला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, तिथली जाहिरात आधी बघा.

प्रयोग सुटला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पुन्हा चौपाटीवर गेलो. भरती वर चढली होती, आणि सहा वाजता आम्ही चपला काढून बसलो होतो तिथे आता लाटा फुटत होत्या.