गुरुवारची फॅनी

१२ जुलै २०२२, मंगळवार

ऑफिसात आज काम कमी आणि ब्रॉडवेवरच्या 'फनी गर्ल' या संगीत नाटकाची चर्चा जास्त. त्यातली नायिका बीनी फेल्डस्टीन हिने परवा जाहीर केलं की ३१ जुलैला ती नाटक सोडतेय. आधी २५ सप्टेंबर ठरली होती. निर्मात्यांना नाटक वेगळ्या दिशेला न्यायचंय म्हणून मी लवकर निघते, असं काहीसं लिहिलंय तिने. आणि काल लगेच दुसरी बातमी: ६ सप्टेंबरपासून तिच्या जागी लिया मिशेल.

आमची तिकिटं १३ ऑगस्टची. दोघींच्या मधल्या फटीत नेमक्या आम्ही सापडलोय. मे महिन्यात, सासूबाई पुण्याहून येणार हे पक्कं झाल्यावर हौसेने काढली होती. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "विकून टाक, सप्टेंबरनंतरची घे." त्याने नाटक बघितलेलं नाही. त्याने 'ग्ली' बघितलंय. त्या मालिकेत लिया मिशेलची रेचल बेरी 'फनी गर्ल'ची नायिका फॅनी ब्राइस करायचं स्वप्न बघते आणि शेवटी ब्रॉडवेवर ती करतेसुद्धा. म्हणजे लोकांच्या डोक्यात हा प्रयोग होऊन गेलाय, आता फक्त खरं थिएटर लागायचं बाकी होतं. बीनीचं नाव गेल्या वर्षी जाहीर झालं त्याच दिवशी सगळे विचारत होते, लिया का नाही? बिचारीची तालीमही सुरू व्हायची होती तेव्हा.

बीनीबद्दल माझंही मत तयारच होतं. "तिचा आवाज त्या गाण्यांना पुरत नाही," असं मी जेवणाच्या सुट्टीत दोघांना ऐकवलं. एप्रिलमधली परीक्षणं वाचून.

२४ जुलै, रविवार

जरा वाचत बसले. १९६४ ला विंटर गार्डन थिएटरात 'फनी गर्ल' उघडलं तेव्हा फॅनी करणारी बार्ब्रा स्ट्रायसँड २१ वर्षांची होती. ही भूमिका तिच्यासाठीच जन्माला आली होती असं आज सगळे म्हणतात. पण तेव्हा ॲन बँक्रॉफ्टसकट बऱ्याच नावांचा विचार झाला होता. निर्माता रे स्टार्क हा खुद्द फॅनी ब्राइसचा, म्हणजे ज्या खऱ्या नटीवर हे नाटक आहे तिचा जावई, तेव्हा घरात काय काय चर्चा झाल्या असतील! (आणि गंमत म्हणजे स्ट्रायसँडला त्या वर्षीचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक, मिळालंच नाही. 'हॅलो डॉली'साठी कॅरल चॅनिंगला गेलं.)

त्यानंतर १९६८ चा सिनेमा, ऑस्कर, पण ब्रॉडवेवर त्या पहिल्या प्रयोगापासून ५८ वर्षं कुणी हे नाटक नव्याने उभं केलं नाही. २०११ मध्ये एक घाट घातला गेला होता, तोही बारगळला. शेवटी या २४ एप्रिलला पडदा उघडला, तो नेमका स्ट्रायसँडच्या ८० व्या वाढदिवशी. हे मुद्दाम केलं असेल तर नव्या नटीवर अन्यायच म्हणायचा.

सासूबाईंना गोष्ट सांगितली: दिसायला चारचौघींसारखी नाही म्हणून जिला नाटकवाले नको म्हणतात, ती मुलगी विनोदाच्या जोरावर झीगफेल्डच्या नाटक कंपनीत स्टार होते. त्या म्हणाल्या, "आणि लोक भांडतायत ते तिच्या जागी कोण शोभतं यावरून?"

१३ ऑगस्ट, शनिवार (रात्र)

दमले आहे, पण उद्या लिहिलं तर विसरेन.

आमच्या एडिसनहून न्यूयॉर्कची गाडी, पेन स्टेशनला उतरून आठव्या ॲव्हेन्यूने ५२ व्या रस्त्यापर्यंत चालत. सासूबाई नारायण पेठी आणि पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. ऑगस्ट विल्सन थिएटरच्या दारात ऊन मी म्हणत होतं. वाटेत त्यांना समजावलं की आज फॅनी करणारी ही ज्युली बेंको मूळची 'स्टँडबाय'. अंडरस्टडी नाटकात दुसरं काहीतरी करत असते, स्टँडबायचं तसं नाही. तिने सगळी भूमिका पाठ करून नुसतं थांबायचं, कोणाचा तरी घसा बसेपर्यंत. इथे आठवड्याला आठ प्रयोग, ते थांबून चालत नाहीत. "आपल्याकडे सरळ प्रयोग पुढे ढकलतात," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे ही आत बसून दुसरीचं ऐकायची? रोज?" रोज. आता बीनी गेल्यापासून आणि लिया येईपर्यंत मात्र एक महिना फॅनी तिचीच.

आमच्या मागच्या रांगेत दोन बायका. एक म्हणते, ही टीव्हीवरची का? दुसरी म्हणते, नाही, ती पुढच्या महिन्यात. मग ही ती, वाईट गाणारी? नाही गं, ती गेली. मग ही कोण? "ही मधली."

ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, सुरू झालं. 'पीपल' या गाण्याची सुरावट आली तशी पुढचे दोन म्हातारे मान हलवू लागले. सासूबाई कुजबुजल्या, "नांदी झाली वाटतं." मग ती आली, आरशासमोर बसली, ते प्रसिद्ध पहिलं वाक्य म्हणाली. टाळ्या पडल्या, पण सभ्य. पाहुण्याला पाणी द्यावं तशा.

पहिली दहा मिनिटं मी तिच्याकडे परीक्षकासारखी बघत होते. तेवढ्यात एका विनोदावर ती अशी काही थांबली, अर्धा श्वास जास्त, की मला खळखळून हसू आलं, आणि मग मोजायचं राहूनच गेलं. आधी कुठेच ऐकली नव्हती, त्यामुळे ती कशासारखी नाही हे मला ठरवता येईना. तिच्याबरोबरच्या जॅरेड ग्राइम्सचं टॅप नृत्य तर असं, की सासूबाई खुर्चीवर पुढे सरकून त्याचे पाय बघत होत्या. (या सगळ्या निर्मितीला टोनीचं एकच नामांकन मिळालं, ते त्याचं. भूमिकेवरून एवढा गदारोळ आणि दाद मिळाली ती बाजूच्या माणसाला.) पहिल्या अंकाच्या शेवटी 'डोन्ट रेन ऑन माय परेड'. शेवटचा सूर तिने धरला तेव्हा मागच्या दोघींपैकी कुणीतरी मोठ्याने "ओह!" म्हणालं. बहुधा 'ही मधली' म्हणणारीच.

मध्यंतरात सासूबाईंनी 'कट्यार'ची गोष्ट काढली. १९६७ ला नाटक आलं, त्यांनी ते कॉलेजात असताना बघितलं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. नंतर २०१० मध्ये 'कट्यार काळजात घुसली' नव्या संचात आलं, खाँसाहेब वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. सासूबाई आणि सासरे पहिल्या आठवड्यातच गेले. "अख्खा प्रयोग मी नातवात आजोबा शोधत बसले गं. ही तान त्यांनी कशी घेतली असती, इथे ते कसे बघायचे. 'सुरत पिया की' संपलं, लोक उभे राहिले, आणि मला कळलं की मी त्या पोराचं काही ऐकलेलंच नाही."

"मग?"

"मग काय. परत तिकीट काढलं. तुझे सासरे म्हणाले, तू एकटी जा."

परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मेट्रोपार्कच्या आसपास म्हणाल्या, "आवाज गोड आहे. विनोदही कळतो तिला. पण बघ, भाडेकरूसारखी गात होती. घर स्वच्छ ठेवायचं, खिळा ठोकायचा नाही. तिला माहितीय ना, पुढच्या महिन्यात किल्ली द्यायचीय."

मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, तिनेच काय ते खिळे ठोकले. यावर आमचं घर येईपर्यंत एकमत झालं नाही.

८ सप्टेंबर, गुरुवार

लिया मिशेलचा पहिला प्रयोग परवा झाला. मध्येच कितीतरी वेळा लोक उभे राहिले म्हणे. दोन वर्षांपूर्वी जुन्या सहकलाकारांनी तिच्या वागण्याबद्दल तक्रारी केल्या होत्या, तिने जाहीर माफी मागितली होती. ते सगळं आता कुणी काढत नाही, आणि काढलं तरी तिकिटं काढून मग काढतात. ज्युली बेंकोला आता दर गुरुवारचा प्रयोग. सासूबाईंना पुण्याला फोनवर सांगितलं. "म्हणजे गुरुवारची फॅनी," त्या म्हणाल्या. "बरं झालं. एक वार तरी तिच्या नावावर."

नोव्हेंबर, एक शनिवार

लेकीच्या हट्टापुढे हरले. ती 'ग्ली'वर वाढलेली. तिकीट ऑगस्टच्या दुपटीहून महाग. लिया मिशेल आली आणि थिएटर असं काही उठलं की पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. मीही उठले होते. तिने अजून काही केलेलंच नव्हतं.

गाते मात्र जबरदस्त. छातीवर येऊन आदळतो आवाज. विनोदाला ऑगस्टात मी जास्त हसले होते, पण हे लेकीला सांगायची सोय नव्हती. ती रडत होती.

येताना गाडीत उगाच हिशोब केला. दोन फॅनी बघितल्या. आणि जिच्याबद्दल मी ऑफिसात सगळ्यात जास्त बोलले, त्या बीनी फेल्डस्टीनला एकदाही ऐकलेलं नाही.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

'जिप्सी' हे संगीत नाटक बघून आले, मॅजेस्टिक थिएटरमध्ये. त्यातल्या आईच्या, रोझच्या भूमिकेत ऑड्रा मॅकडोनाल्ड, ब्रॉडवेवरची पहिली कृष्णवर्णीय रोझ. पुन्हा तीच कुरबुर: त्या काळातल्या वॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या खेळांत, अशी आई असती का, आणि शास्त्रीय घडणीचा आवाज पहिल्या रोझच्या, एथेल मर्मनच्या तुतारीसारख्या गाण्यांना चालेल का. पण यावेळी भांडण वेगळं वाटलं. संगीतकार 'फनी गर्ल'चाच, जूल स्टाइन. पण 'जिप्सी' ब्रॉडवेवर याआधी पाचदा उभं राहिलं आणि पाच मुख्य रोझ होऊन गेल्यात. मर्मन, लान्सबरी, टाइन डेली, पीटर्स, लुपोन. प्रत्येकाची रोझ वेगळी, त्यामुळे कुणाचंच एकीवर एकमत नाही, आणि सहावीला उभं राहायला जागा आहे. फॅनीला ५८ वर्षांत एकच चेहरा होता.

शेवटच्या गाण्यात ऑड्राचा आवाज दोनदा फाटला. मुद्दाम फाडला की फाटला, कळलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला, "पॅटी लुपोन असती ना…"

रात्री पुण्याला फोन. सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आणि आपली गुरुवारची?"

"अहो आई, ते नाटक सप्टेंबर २०२३ लाच बंद झालं."

"ते माहितीय. तिचं विचारतेय मी."

फोन ठेवल्यावर कपाटात प्लेबिल, म्हणजे थिएटरात मिळणाऱ्या नाटकाच्या पुस्तिका, शोधली. नोव्हेंबरचं सापडलं, लेकीने वर बदाम काढलेलं. ऑगस्टचं कुठेच नाही. परत फोन केला. "ते माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "'कट्यार'च्या तिकिटांच्या पेटीत."

"कुठल्या 'कट्यार'च्या?"

"दुसऱ्यांदा गेले होते ना, त्याच्या."