१४ मिलिलिटर प्राणवायू

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा इको अहवाल हातात आला की घरच्यांची नजर प्रथम इजेक्शन फ्रॅक्शनच्या, म्हणजे हृदय दर ठोक्याला आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकते त्याच्या, आकड्यावर जाते, आणि तो २० टक्के इतका कमी असला की पुढे काय, हा प्रश्न कोणी न विचारताही त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. हृदयरुग्णांच्या व्यायामचाचण्या घेण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या प्रश्नाचे उत्तर निजून काढलेल्या इकोपेक्षा श्वासातील वायू मोजणारा मास्क तोंडाला लावून सायकल चालवणारा रुग्ण अधिक खरेपणाने देतो. इजेक्शन फ्रॅक्शन तेवढेच असलेल्या दोन रुग्णांपैकी एक दोन जिने चढतो आणि दुसऱ्याला आंघोळ करतानाच धाप लागते, हे आम्ही नेहमी पाहतो.

याचे कारण ॲडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे. शरीर दर मिनिटाला जेवढा प्राणवायू वापरते, तो हृदयाने फेकलेले रक्त आणि त्या रक्तातून ऊतींनी उचललेला प्राणवायू यांचा गुणाकार असतो. म्हणून श्रमाच्या शिखरावर मोजलेल्या प्राणवायूत हृदयाची राखीव ताकद येते, तसेच स्नायूंची अवस्था आणि हिमोग्लोबिनही येते.

फिलाडेल्फियात डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ ते १९८९ या काळात हृदयप्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या ११४ रुग्णांची अशी चाचणी घेतली. ज्यांचा शिखर प्राणवायू दर किलो वजनामागे मिनिटाला १४ मिलिलिटरपेक्षा जास्त होता, त्यांचे प्रत्यारोपण लांबणीवर टाकले, तरी त्यांतील ९४ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. १४ किंवा त्याहून कमी आकडा असूनही अन्य आजारांमुळे प्रत्यारोपण करता न आलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते. दात्याचे हृदय दुर्मीळ असताना ते कोणाला थांबता येणार नाही म्हणून आधी द्यायचे, हे ठरवण्यासाठी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने डॉक्टरांना मोठा आधार दिला. पुढे हृदयाचा वेग आणि ताण कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांनी रुग्णांचे आयुष्य वाढवले, पण शिखर प्राणवायू फारसा वाढवला नाही; त्यामुळे ही औषधे घेणाऱ्यांसाठी आता १२ ही मर्यादा धरतात. तरुण रुग्ण आणि स्त्रिया यांच्याबाबतीत त्यांच्या वयाला आणि लिंगाला अपेक्षित मूल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा कमी आकडा हा निकषही विचारात घेतात.

मात्र हा आकडा वाचण्याआधी रुग्णाने खरोखर पुरेसे श्रम केले का, हे पाहिलेच पाहिजे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते याचे मला वाईट वाटते. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला प्राणवायू यांचे गुणोत्तर १.०५ च्या वर गेले, तर स्नायू त्यांच्या क्षमतेच्या कडेपर्यंत पोहोचले असे मानता येते. ते त्याखाली असेल, तर शिखर म्हणून छापलेला आकडा शिखराचा नसतोच. आमच्याकडे आलेले एक काका गुडघा दुखतो म्हणून चौथ्या मिनिटाला थांबले. मी ‘काका, अजून थोडं जमेल का?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. गुणोत्तर जेमतेम ०.९५ होते. त्यांच्या ११ या आकड्यावरून मला काही ठरवता येईना.

अशा वेळी श्वसनाचा उतार उपयोगी पडतो. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती लिटर हवा हलवावी लागते, हे त्यातून कळते आणि त्यासाठी श्रमाचे शिखर गाठावे लागत नाही. निरोगी माणसात तो साधारण ३० च्या आत असतो. हार्ट फेल्युअरमध्ये फुप्फुसांतील रक्तप्रवाह विषम होतो आणि श्वसनाला चेतवणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होतात, त्यामुळे हा आकडा वाढतो. श्रम अपुरे पडलेल्या चाचणीत तो ३५ च्या पुढे असेल, तर प्रत्यारोपणाचा विचार करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. काकांचा उतार ४१ होता. गुडघ्यामुळे चाचणी अपुरी राहिली, एवढेच लिहून मी त्यांना परत पाठवले असते, तर त्यांचे महत्त्वाचे महिने वाया गेले असते. मी त्याच दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला.