वारा पडला त्या दिवसाचा माग

११ मे १९९९ हातात घेतलाय. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, जवळजवळ पडलाच होता, तो दिवस. एरवी पृथ्वीजवळ दर घन सेंटीमीटरला पाच-दहा प्रोटॉन. त्या दिवशी एकाहूनही कमी. दाब इतका उतरला की एरवी १४-१५ पृथ्वीत्रिज्यांवर असणारा धनुष्याघात (सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकून मंदावतो ती सीमा) चंद्राच्या कक्षेपर्यंत सरकला.

सौरवारा मोजणाऱ्या 'एस' (ACE) यानाचा डेटा पहिल्यांदा काढला, तर आलेख थेट पाताळात. बराच वेळ त्या दरीकडे कौतुकाने बघत बसलो. मग कळलं, -९९९९.९ ही 'मोजमाप नाही'ची खूण आहे! तेवढे आकडे गाळले, घनतेचा अक्ष लॉगवर नेला, तेव्हा कुठे खरी दरी दिसली. १० तारखेलाच उतार सुरू झालेला.

आता उगम. इथेही आधी घोडचूक केली: ११ मेच्याच चित्रात सूर्याच्या मधोमध शोधत होतो. वेग सेकंदाला ३५० किमी धरला, तर १५ कोटी किमीला पाच दिवस लागतात. म्हणजे बघायचं ६ मेच्या चित्रात, सूर्यबिंबाच्या उभ्या मध्यरेषेवर. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ११ मेपर्यंत ती जागा पश्चिमेला ६६ अंश सरकलेली असते. वेग ३३० की ३७० धरता, यावर ठिकाण सात-आठ अंशांनी हलतं. त्यामुळे मी नकाशावर टिंब देत नाही, पट्टा रंगवतो. वाटेत वेग बदलत नाही हे गृहीतक आहेच, ते मला फारसं पटत नाही.

'सोहो' या सूर्यनिरीक्षक यानाच्या १९५ अँगस्ट्रॉमच्या (अतिनील) चित्रात त्या पट्ट्यात सक्रिय भाग (तीव्र चुंबकीय क्षेत्राचा) आणि त्याला चिकटून छोटं कोरोनल होल (सूर्याच्या बाह्य वातावरणातला काळसर भाग, जिथून चुंबकीय रेषा अवकाशात उघड्या सुटतात). अहमदाबादच्या पीआरएलमधल्या (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) शास्त्रज्ञ जनार्दन यांच्या गटानेही उगम अशाच सीमेवर दाखवलाय. स्फोट नाही, सीएमई (सूर्यावरून उसळणारा प्रचंड वायुगोळा) नाही. शेजारच्या उलथापालथीत उघड्या चुंबकीय क्षेत्ररेषांची पुनर्जोडणी होते (रेषा तुटून नव्याने जुळतात) आणि वाऱ्याची मूळ धार तुटते. तुटलेला तुकडा पृथ्वीपर्यंत येता येता पसरून विरळ होतो. मला यातला पाच दिवसांचा प्रवास आवडला: विरळपणा वाटेत वाढत जातो.

पुढचा नंबर २६ डिसेंबर २०२२चा. मंगळाभोवती फिरणाऱ्या 'मेव्हन' यानालाही असाच पडलेला वारा दिसला होता, पण तिथे वेगवान झोताने पुढच्या मंद वाऱ्याला गाठून रेटलं आणि मागे पोकळी राहिली. मंगळाचं अंतर नि कोन धरून सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. खुणेचे आकडे मात्र आधीच गाळून ठेवलेत.