तारांगिरे: हत्तींनी सोललेल्या गोरखचिंचांच्या गावी

वसईच्या किल्ल्यातलं गोरखचिंचेचं (बाओबाबचं) झाड पाहिलं असेल, तर टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात शिरल्या शिरल्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. तोच फुगलेला बुंधा, तशाच मुळं वर केल्यासारख्या फांद्या. फक्त इथं त्या शेकड्यांनी आहेत, आणि बहुतेकींची साल हत्तीच्या सोंडेच्या उंचीपर्यंत सोललेली.

आम्ही सप्टेंबरात गेलो. आरुशा शहराहून साधारण 120 किलोमीटर, रस्ता चांगला. जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. आसपासची तळी आटली की झेब्रे, विल्डेबीस्ट, हत्ती सगळे तारांगिरे नदीकडे सरकतात. हिरवळ बघायची असेल तर पावसानंतर जा, पण मग जनावरं पांगलेली असतात.

सिंह दोन दिसले, दोन्ही झोपलेले. खरी मजा एका हत्तिणीने आणली. तिने सुळा बुंध्यात खुपसला, सोंडेने सालीची पट्टी धरली आणि उसाचं साल ओढावं तशी सर्रकन खाली ओढली. बराच वेळ चघळून चोथा टाकून दिला. कोरड्या हंगामातही या झाडाच्या सालीत आणि गाभ्यात पाणी असतं, त्यासाठी हा खटाटोप. दुसरं एखादं झाड असं सोललं तर मरेल. गोरखचिंच नवी साल धरते. तरी काही बुंधे इतके पोखरलेत की पलीकडचं आभाळ दिसतं. पुढे नदीच्या कोरड्या वाळूत हत्ती खड्डे करून पाणी काढत होते आणि इम्पाला (एक प्रकारची हरणं) आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळत उभे. त्या एका वळणावर आम्ही तासभर बसलो. ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सिंहामागे पळवत राहतो.

पक्ष्यांसाठी दुर्बीण न्याच. पिवळ्या गळपट्ट्याचे छोटे लव्हबर्ड इथं सहज दिसतात, तेही पिंजऱ्याबाहेर! वारुळांच्या भोकांतून बुटक्या मुंगसांची डोकी वर येतात. आमच्या मुलीला तीच सगळ्यात आवडली.

आता माझी चूक. मी हौसेने गडद निळा शर्ट घातला. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग खुणावतो, आणि ती कापडावरूनही चावते. खाकी किंवा मळकट फिके कपडे घाला, झाडीत काचा वर करा. दुसरं म्हणजे जेवणाच्या जागी माकडं फार धीट आहेत. आमच्या थेपल्यांची अख्खी चळत त्यांनी उचलली. डबा घट्ट झाकणाचा हवा.

टांझानियात 2019 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे कापडी पिशव्या न्या. केनियातल्या नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्या, नाहीतर परतताना भारतातल्या विमानतळावर अडकू शकता. शक्य तर एक मुक्काम कराच. आरुशाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना दक्षिणेकडची सिलाले दलदल बहुधा हुकते. आमचीही हुकली.

आरुशाच्या बाजारात गोरखचिंचेच्या बियांवरचा आंबट गर साखर आणि लाल रंगात घोळवून विकतात. नाव उबुयू. चिंचगोळीवर वाढलेल्या माणसाला एक पुडी पुरत नाही. दोन घ्या, आणि जीभ लाल होते हे फोटोआधी लक्षात असू द्या.