इजिप्तची अरबी: सध्या मुक्काम आकड्यांवर

सगळ्यात आधी बोली ठरवून टाकली. प्रमाण अरबी बातम्यांत आणि पुस्तकांत. बाजारात मात्र प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. 'कितीला?' हे कैरोत 'बिकाम', बैरुतकडे 'अद्देश', मोरोक्कोत 'ब्श्हाल'. जायचंय इजिप्तला, म्हणून तिथलीच बोली. इजिप्तच्या सिनेमा-मालिकांमुळे ती इतर अरब देशांतही बऱ्यापैकी समजते, हा वरचा फायदा.

बोलायची वाक्यं फार छळत नाहीत. 'इल-महत्ता फेन?' म्हणजे स्टेशन कुठे; प्रश्न शेवटी टाकला की काम झालं. टॅक्सीसाठी 'यिमीन' (उजवीकडे), 'शिमाल' (डावीकडे), 'अला तूल' (सरळ) आणि उतरायचं असेल तर 'अला गंब', म्हणजे बाजूला घ्या. बायकांनी एक लक्षात ठेवा: ध्वनिफितींत बहुधा पुरुषाचा आवाज असतो आणि तो 'आयिझ' (हवंय) म्हणतो. आपण 'आयझा' म्हणायचं. समोर बाई असेल तर 'लौ समहत'चं (कृपया) 'लौ समहती' होतं.

खरी गोची उत्तरात आहे. 'बिकाम दा?' विचारणं सोपं, पण समोरचा झरकन जो आकडा फेकतो तो पकडायचा कसा? म्हणून सध्या नव्या वाक्यांना सुट्टी देऊन फक्त आकडे ऐकतेय. पंचवीस म्हणजे 'खम्सा व इश्रीन', आधी पाच मग वीस. 'पंचवीस' म्हणणाऱ्या आपल्याला ही उलटी मोजणी अजिबात उलटी वाटत नाही. इथे मराठी डोकं कामाला येतं. घोटाळा होतो 'खमस्ताशर' (१५) आणि 'खम्सीन' (५०) यांत. सुरुवात सारखीच, त्यामुळे कान शेपटीवर ठेवायचा: 'आशर' की 'ईन'. फोनवर सुट्या आकड्यांच्या फिती उलटसुलट क्रमाने लावते आणि ऐकताक्षणी लिहून काढते. थांबवून पुन्हा ऐकायचं नाही, हा नियम. दुकानदार काही रिवाइंड होत नाही.

लिहिलेले आकडेही सोबत चालू आहेत. तिथला पाच म्हणजे पोकळ गोल, थेट आपलं शून्य! आणि त्यांचं शून्य नुसता ठिपका. सहा इंग्रजी साताच्या वळणाचा. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे आपल्यासारखे डावीकडून. सरावाला नोटांची चित्रं उत्तम: एका बाजूला अरबी आकडा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, म्हणजे उत्तर तपासायची सोय आयती.

उच्चारांसाठी देवनागरी वही पुरते, थोडी डागडुजी करून. घशातून काढायच्या 'ऐन' या अक्षरासाठी अवग्रह टाकते: अर्बऽआ (४), सबऽआ (७). चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना निघतो त्याच्या जवळच्या 'ह'खाली रेघ. 'क़ाफ' या घशातल्या 'क'ची चिंता कैरोत नाही, तिथे तो बहुतेक शब्दांत गिळूनच टाकतात. 'क़हवा' (कॉफी) 'अहवा' होते.

आता घड्याळाला हात घातलाय. 'तलाता व रुबऽ' सव्वातीन, 'तलाता व नुस्स' साडेतीन, 'तलाता इल्ला रुबऽ' पावणेतीन. इथवर आपलं घरचंच. पण तीन पंचवीस म्हणजे 'तलाता व नुस्स इल्ला खम्सा', साडेतीनला पाच कमी. हे ऐकून लगेच कळायला अजून वेळ लागतोय. कुणाकडे मिस्री बोलीतल्या वेळांच्या चांगल्या फिती असतील तर सांगा, शक्यतो बाईच्या आवाजातल्या.