उर्वरित सेवा

मी कर्मचारी विभागात पंचवीस वर्षं काढली हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: पेन्शनचं वय वाढत चाललंय, मग कंपन्या या वयस्क माणसांचं करणार तरी काय? विचारणारा पन्नाशीतला असला की आवाज जरा खाली येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आधी माझंच एक पाप. ट्रेनिंगला कुणाला पाठवायचं त्याची यादी मी करायचे. तक्त्यात शेवटचा रकाना 'उर्वरित सेवा'. पाच वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नावावर काट. असा लेखी नियम कुठेच नव्हता; मला तसं शिकवलं होतं आणि मला ते पटलंही होतं. नवं सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर स्टोअरमधले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, यादीत माझं नाव नाही." मी म्हटलं, "तुमची चारच वर्षं राहिलीत ना आता." ते कसनुसं हसले आणि गेले. पुढे निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढलं. चाराची सहा झाली, आणि सहाही वर्षं ते शेजारच्या पोराला "जरा एवढी एन्ट्री टाक रे" म्हणत राहिले. त्यांच्या वार्षिक अहवालात साहेबांनी शेरा मारला, 'नवीन तंत्रज्ञानाशी जुळवून घेत नाहीत.' खाली दुसरी सही माझी.

कंपनी माणूस निवृत्त करते साठीला, पण त्याच्यावर खर्च करणं थांबवते पन्नाशीतच. निवृत्तीची तारीख सरकारने पुढे ढकलली की ही अडगळीतली वर्षं तेवढी वाढतात. चीनने 2025 पासून पुरुषांचं वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 63 वर न्यायला घेतलंय. डेन्मार्कमध्ये 2040 पर्यंत ते 70 होणार आहे. वय वाढवायला कायदा पुरतो. यादीतला रकाना कोण बदलणार?

तारखेचा हा हट्ट निव्वळ दुष्टपणाचा नसतो. सेवाज्येष्ठतेवर पगार वाढत असेल तर तरुणपणी कामाच्या मानाने कमी मिळतं आणि शेवटी जास्त. असा हिशोब कुठेतरी बंद करावा लागतो. जपानी कंपन्यांनी त्यावर तोड काढली: साठीला निवृत्त करायचं आणि त्याच माणसाला कमी पगारावर करारावर परत घ्यायचं. काम मागेल त्याला 65 पर्यंत ते द्यावंच लागतं, आणि 2021 पासून 70 पर्यंत सोय करण्याचा प्रयत्न करणं हीही कंपनीची जबाबदारी आहे. टेबल तेच, फायली त्याच, पगार मात्र उतरलेला.

अमेरिकेने 1986 मध्ये आणि ब्रिटनने 2011 मध्ये केवळ वय झालं म्हणून घरी पाठवणं जवळपास बंद केलं. अशा ठिकाणी मग स्वेच्छानिवृत्तीची योजना येते. मीही एक राबवली आहे. पहिल्या आठवड्यात अर्ज आले ते ज्यांना बाहेर मागणी होती त्यांचे. ज्यांनी जावं असं साहेबांना वाटत होतं, ते जागचे हलले नाहीत. कसे हलतील?

त्यात पेन्शनचा धोका आता कंपनीकडून माणसाकडे आलाय. पूर्वी शेवटच्या पगारावर रक्कम ठरायची; आता खात्यात जमलं तेवढं आपलं. बाजार पडला की निवृत्ती लांबते, म्हणजे कोण कधी जाणार हे कंपनीलाही आधी कळत नाही.

जमतच नाही असं मात्र नाही. बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी 47 वर्षांची माणसं लावली, कारण दहा वर्षांनी सगळा कारखानाच त्या वयाचा होणार होता. कामगारांना विचारून सत्तर बारीक बदल केले: लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, भिंगं, पडद्यावर मोठी अक्षरं. खर्च सगळा मिळून साधारण 40,000 युरो. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली.

हे वाचून मी आमच्याकडे तपासणीच्या लाइनवर खुर्च्या मागितल्या होत्या. "उभं राहून काम करायची शिस्त आहे," असं उत्तर आलं. दीड वर्ष मागे लागल्यावर सहा खुर्च्या मिळाल्या. पहिल्या दिवशी दुपारी चक्कर मारली, तर सहापैकी चारांवर तिशीतली पोरं बसली होती.